पिस्तूल दिलं, मूठ नाही दिली

७ सप्टेंबर

म्हणजे काय, ‘यात कथा कुठाय?’ आधी ऐकून तर घ्या. तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एकही क्रियापद न वापरता गोष्ट लिहिली. घाम निघाला. तर संपादक मधुराताईंचा फोन, ‘अश्लेषा, भाषा गोड आहे गं तुझी, पण यात काही घडतच नाही.’ अहो, क्रियापदच नाही तर घडणार कुठून? तर म्हणे, ‘डायरी लिही. रोज काहीतरी घडतंच.’

बरं. रोज काहीही घडत नाही हे सिद्ध करायला लिहिते. घ्या.

तर पहिल्याच दिवशी घडलं. नशीब बघा माझं.

रविवार होता. मी राहते त्या घरच्या काकूंनी घरभर धूप घातला, म्हणून मी बाहेर पडले आणि इथे सिंगापुरातच पाया लेबारला एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या युद्धसंग्रहालयात शिरले. दोन खोल्या, एक एसी आणि एक अंकल कोह. सत्तरीचा माणूस, हाफ पॅन्ट, गळ्यात दोरीला लटकवलेलं भिंग. मधल्या काचपेटीत ब्रिटिश सैन्यातलं एक जुनं रिव्हॉल्व्हर. नळी बुजवलेली, परवानग्या पेटीला चिकटवलेल्या. मुठीच्या डाव्या बाजूला तपकिरी लाकडाची फळी, तिच्यावर बारीक चौकडीची नक्षी. उजवी बाजू उघडीवाघडी, आतली स्प्रिंग दिसतेय. खाली कार्ड: मालक अज्ञात.

“व्हाय लाइक धिस, अंकल?” मी विचारलं.

“कम लाइक दॅट, लाह.” मग त्याने सांगितलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये इंग्रजांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली, हिंदी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानात उभं केलं, हत्यारांचे ढीग झाले. त्या ढिगातलं हे. उजव्या फळीसाठी तो जगभर हात पसरून बसलाय. विकणारे पैसे घेतात आणि काल बनवलेली फळी पाठवतात.

मी डावी बाजू पुन्हा बघितली. ही नक्षी मी रोज बघते. आमच्या घरात. देव्हाऱ्यात. अन्नपूर्णेच्या शेजारी, गंध लावून.

८ सप्टेंबर

आमचं घर म्हणजे श्रीरामकाकांचं. मरीन परेडला. कुमुदकाकू आईची शाळेतली मैत्रीण, म्हणून मला इथली एक खोली मिळालीय. दिवसा मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या ॲपसाठी ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ छापाची वाक्यं लिहिते. मधुराताईंना सांगायला हवं, माझं हेच वाक्य सगळ्यात जास्त वाचलं जातं.

काका बोटीवरचे चीफ इंजिनिअर, आता निवृत्त. निवृत्त म्हणजे घरातल्या मिक्सरचे चीफ इंजिनिअर. मी संग्रहालयाचं सांगितल्यावर त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

“उजवी बाजू नाही म्हणालीस?”

“हो.”

“उजवीच?”

“काका, मला उजवं-डावं कळतं.”

ते देव्हाऱ्यासमोर गेले आणि पाठमोरे बोलले. त्यांचे आजोबा हैबतराव ढमढेरे, इंग्रजांच्या फौजेत जमादार. शरणागतीच्या दिवशी हत्यार टाकायची पाळी आली, तेव्हा त्यांनी एका नाण्याने स्क्रू फिरवून मुठीची उजवी फळी काढली, पटक्यात खोचली आणि मग पिस्तूल ढिगावर फेकलं. कैदेत ती जपली, तशीच घरी आणली. ढमढेऱ्यांकडे म्हणच आहे: पिस्तूल दिलं, मूठ नाही दिली. घासाघीस करताना आपण ‘आता याच्या खाली नाही’ म्हणतो ना, त्या जागी हे लोक हे म्हणतात. खंडेनवमीला इतरांकडे तलवारी नाहीतर हत्यारं-अवजारं पुजतात, यांच्याकडे ही फळी.

“काका, ते रिव्हॉल्व्हर आहे. पिस्तूल वेगळं.”

“सरकारी कागदात पिस्तूलच लिहायचे. जा, बघून ये.”

(बघितलं. खरंच पिस्तूलच लिहायचे.)

“त्या कार्डावर आजोबांचं नाव लागलं पाहिजे, अश्लेषा,” काका म्हणाले. “अज्ञात म्हणे! अज्ञात असायला ते काय बेवारशी होते?”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “देवाची वस्तू आहे. कशाला हलवायची? वरण पातळ करू की घट्ट?”

१३ सप्टेंबर

अंकल कोहकडे शिकवणी. मी आता अस्सल-नक्कल ओळखण्यातली तज्ज्ञ आहे. निदान तज्ज्ञाच्या शेजारी उभी राहिलेली आहे.

ऐका. जुनी नक्षी हाताने कापलेली, म्हणून चौकडी जराशी भरकटते. नवीन फळीवर यंत्राची, सगळ्या पोरी एकाच शाळेच्या गणवेशात. जुनं लाकूड आक्रसतं, म्हणून धातूची कड बोटाला किंचित लागते. उजव्या फळीत एक पितळी चकती बसवलेली असते, पलटणीचा नंबर ठोकायला. आतल्या बाजूला तपासनिसाचा छोटा मुकुट. पण हे सगळं खोटं करता येतं, असं अंकल म्हणाला. चहाच्या पाण्यात उकळून लाकूड म्हातारं करणारे लोक आहेत.

“देन हाऊ टु नो?”

“फिटिंग,” तो म्हणाला. “फोटो कॅन लाय. सेलर कॅन लाय. फिटिंग नेव्हर लाय.”

घरी येऊन हे सांगितलं तर काका टेबलावर हात आपटून म्हणाले, “हा माणूस इंजिनिअर आहे!” बोटीवरही म्हणे असंच. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, खरा सुटा भाग हाताने बसतो, खोट्याला हातोडी लागते.

मूठ नुसतं लाकूड आहे, तरी अंकलने आधी अधिकाऱ्यांना विचारून ठेवलंय. “आस्क फर्स्ट, देन नो हेडेक.” कधी बसवून बघायची? काकांनी दसरा ठरवला. सीमोल्लंघन मरीन परेडहून पाया लेबारला.

काकूंनी विचारलं, “लाकूड कुठलं ते कळतं का गं त्याला? नुसतं बघून?”

म्हटलं कळत असेल. काकूंना या विषयात रस वाटायला लागला, बरं वाटलं.

१४ सप्टेंबर

घडू नको म्हटलं की जास्तच घडतं.

काकांनी ढमढेऱ्यांच्या ग्रुपवर जाहीर केलं. दुपारी नाशिकहून फोन आला, चुलतभाऊ निशिकांत. स्पीकरवर.

“दादा, अभिनंदन. पण एक बारीकशी अडचण आहे. मूठ माझ्याकडे आहे.”

“काय बोलतोयस?”

“उजवी. चकतीसकट. माझ्या देव्हाऱ्यात. तुझ्याकडे काय आहे ते तुलाच माहीत.”

पुढचं लिहीत नाही. डायरी असली तरी तिलाही घरदार आहे. सारांश असा: जमादारांना दोन मुलगे. थोरल्याचा निशिकांत, धाकट्याचे आमचे काका, वयाने मात्र काका मोठे. मूठ आजोबांनी कोणाला दिली यावरून दोन घरं गेली कित्येक वर्षं लग्नात फक्त अक्षतांपुरती भेटतात. निशिकांतनी तिथल्या तिथे सिंगापूरची टूर बुक केली. दसऱ्याला तेही मूठ घेऊन येणार.

मी भाबडेपणाने म्हटलं, “पण काका, कोणाचीही बसली तरी कार्डावर नाव आजोबांचंच लागणार ना? ते तर दोघांचे.”

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वरणात हातोडी टाकली. “त्याच्या हातून लागण्यापेक्षा अज्ञात बरे.”

२० सप्टेंबर

काकांनी आंघोळ करून, सोवळं नेसून मूठ मापली. मला शिवायची परवानगी नाही आणि मागची बाजू तर दाखवायचीच नाही. “पत्ते आधी उघडायचे नाहीत.” पुढच्या बाजूला वर्षानुवर्षांच्या गंधाचा थर आहे, नक्षी आहे इतकंच समजतं. मी आकडे लिहून घ्यायला.

अंकलने त्याच्या पिस्तुलावरची मापं दिली होती. जुळेनात. भोक जरा खाली. चकती लहान, पावणेसतरा मिलिमीटर. काकांनी पुन्हा मापलं. कॅलिपर झटकला. पुन्हा मापलं.

“कॅलिपरला समुद्राची हवा लागलीय,” ते म्हणाले. आवाज मात्र कॅलिपरवर विश्वास असलेल्या माणसाचा होता. मग माझ्या हातातला कागद घेऊन चार तुकडे केले.

संध्याकाळी गॅलरीत उभे होते. म्हणाले, “मी बोटीवर असताना वादळात डोळे मिटायचो ना, तर देव नाही दिसायचे. ती मूठ दिसायची. नकली निघाली तर त्याच दिवशी ईस्ट कोस्टला जाऊन समुद्रात टाकीन. निशिकांतच्या देखत.”

काकू आत नवरात्राची तयारी करत होत्या. ओट्यांसाठी त्या एका बरणीत जुनी पाच सेंटची नाणी साठवतात. पिवळी, पान कोरलेली. आता दुकानात पांढरी मिळतात, ती देवीला आवडत नाहीत म्हणे. आज चिंच लावून घासत होत्या. एकदम सगळी बरणीच हातातून सुटली. मी टेबलाखाली शिरून नाणी गोळा केली.

काकांचा चेहरा पाहवत नव्हता. बिचाऱ्या काकूंचाही.

२९ सप्टेंबर

निशिकांत आले. ढमढेरे घराण्याचं नाक तेच, फक्त त्यावर चष्मा महाग. टूरवाल्यांची टोपी घालून दारात उभे.

“दादा, वजन वाढलं.”

“तुझी अक्कल नाही वाढली. ये आत.”

हे त्यांचं प्रेम असावं. कळायला मार्ग नाही.

मूठ त्यांनी पिवळ्या रेशमी कापडात गुंडाळून आणलेली. कापड हळदीत बुडवल्यासारखं. तीही दाखवायची नाही म्हणे. ‘विमानतळावर काय सांगितलंत?’ विचारलं तर म्हणाले, “खरं तेच. देवाचं लाकूड. शिवाय तुमच्या कोहसाहेबांचं पत्र होतं.”

जेवताना ठिणगी पडलीच.

काका: “एवढी तुमच्याकडे होती, तर माझ्या लहानपणी कधी दिसली नाही ती?”

निशिकांत: “आईने लपवलेली असणार. तुमच्याच भीतीने. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी सापडली. वहिनींना विचार, त्या होत्या तिथे. तू बोटीवर होतास, आणि या एकट्या सिंगापूरहून आल्या, महिनाभर आईचं सगळं केलं. आपली दोन घरं बोलत नव्हती तेव्हा. आई शेवटपर्यंत म्हणायची, कुमुदने माझं मागणं पुरवलं.”

“कसलं मागणं?”

“ते नाही कळलं मला. असेल काहीतरी. लोणचंबिणचं.”

काकू वाढता वाढता थांबल्या, कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या. कुकर लावलेलाच नव्हता. त्या महिन्याच्या आठवणीने डोळे भरले असणार. मी अशा वेळी डोळे भरणं चांगलं टिपते.

३० सप्टेंबर

ठरवलं. उद्या खंडेनवमी. पूजेला दोन्ही मुठी एकाच तबकात ठेवणार आहेत.

मी हिशोब केला. मापं जुळत नाहीत, म्हणजे काकांची नकली. दोनच मुठी आहेत, म्हणजे निशिकांतची अस्सल. मग अदलाबदल केली तर? काकांची समजून निशिकांतची जाईल, बसेल, आणि वादळातला देव वाचेल. निशिकांतचं काय जातंय? त्यांना दसऱ्यानंतर सेंटोसा बेटावर फिरायला जायचंय.

तुम्ही आता नाकं मुरडताय. मुरडा. क्रियापदं हवी होती ना? घ्या. बदलते. बांधते. पळते.

१ ऑक्टोबर

झालं.

सकाळी पूजा. ओळखायला काकांनी आपल्या मुठीला लाल दोरा बांधला, निशिकांतनी पिवळा. काकांची गाठ म्हणजे बोटीवरची गाठ. माझ्या सूटकेसला त्यांनी एकदा दोरी बांधून दिली होती, शेवटी कात्रीने कापावी लागली. काकूंनी दोन्ही मुठींना गंध, हळद, कुंकू असं काही फासलं की तबकात दोन पुरणपोळ्या ठेवल्यात असं वाटावं. दोऱ्याशिवाय ओळख पटणं अशक्य. एरवी काकू कुंकवाच्या बाबतीत चिकट आहेत.

श्रीखंडपुरी. मग दोन्ही ढमढेरे घोरायला लागले, एक सोफ्यावर, एक माझ्या खोलीत. काकू बराच वेळ देव्हाऱ्यापाशी बसून होत्या. फुलं नीट करतेय म्हणाल्या. अहो, फुलं काय पळून जाणारेत? शेवटी एकदाच्या उठल्या, हात धुवायला गेल्या.

मी झडप घातली. पिवळा दोरा सोडला. लाल सोडायला नखं परजली होती, तर ती गाठ नुसतं ओढल्यावर सुटली. वेणीला रिबिन बांधतात तशी. काकांचं वय झालं, दुसरं काय. लालाच्या जागी पिवळा, पिवळ्याच्या जागी लाल. वरून फुलं. काकू बाहेर आल्या तेव्हा मी पेपर वाचत होते. उलटा.

“काय गं, घामाघूम झालीस?”

“दमट आहे.”

“हो ना,” काकू म्हणाल्या. त्यांच्याही कपाळावर घाम होता.

२ ऑक्टोबर, दसरा

निघताना काका तबकावर वाकले आणि थबकले. “ही गाठ माझी नाही.”

माझं काळीज चपलेत. तोच काकू म्हणाल्या, “मीच सैल केली हो. फुलं अडकत होती.” देवासारख्या धावून आल्या, आणि त्यांना कल्पनाही नाही की कोणाला वाचवलं.

अंकल कोहने आज फुल पॅन्ट घातली होती. गालिच्याच्या तुकड्यावर पिस्तूल उघडून ठेवलं होतं. दोन्ही मुठी घेऊन आमच्याकडे पाठ करून बसला, ओल्या फडक्याने पुसल्या. काका आणि निशिकांत एकमेकांपासून लांबात लांब उभे. एवढ्याशा खोलीत ते अंतर म्हणजे मध्ये ठेवलेला एक तोफगोळा.

आधी लाल दोऱ्याची, काकांची म्हणून आणलेली. अंकलने टेकवली. सरकवली. परत टेकवली. मधून उजेड दिसत होता. भोक भोकावर येईना.

मी काकूंकडे बघितलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. काका हरताहेत म्हणून इतक्या घाबरल्या होत्या की तोंड उघडंच राहिलं होतं.

अंकलने भिंग लावलं. चकतीवर अंगठा घासला. वास घेतला. मग खांदे हलायला लागले, खोकला असावा. त्याने ड्रॉवर उघडून एक जुनं पिवळं नाणं काढलं, चकतीवर ठेवून बघितलं, खिशात टाकलं. वस्तूचा फोटो काढताना मापाला नाणं ठेवतात, ते मी वाचलंय. फोटो काढायचा मात्र विसरला.

“धिस वन, नो,” तो म्हणाला.

मग पिवळी. हातातून जशी काही स्वतःच गेली. टक. इतका लहान आवाज. स्क्रू दोन बोटांनी फिरला. मागे मुकुट आहे म्हणाला, धातूची कड बोटाला लागतेय म्हणाला.

“हर हर महादेव!” निशिकांत ओरडले. खाली दुकानातून कोणीतरी वर बघून गेलं.

काका स्टुलावर बसले. अगदी हळू म्हणाले, “कुमुद, संध्याकाळी ईस्ट कोस्टला जाऊन येऊ.”

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी दोरे बदलले होते! म्हणजे पिवळ्या दोऱ्यातली मूठ मुळात काकांची! कॅलिपरलाच समुद्राची हवा लागली होती! अस्सल मूठ काकांचीच होती, आणि मी शहाणीने ती माझ्या हाताने निशिकांतला दिली. एवढं ओझं घेऊन मी चांगीला जाऊन ‘पुन्हा प्रयत्न करा’ लिहू शकले नसते.

“थांबा!” मी ओरडले. “मी बदलले! काल दुपारी! लाल दोरा निशिकांतकाकांच्या मुठीला बांधला, पिवळा तुमच्या! बसलेली मूठ तुमची आहे, काका!”

एसी थेंब टाकत होता.

“काय म्हणालीस?” निशिकांत.

“का बदललेस?” काका.

“तुमची नकली आहे असं वाटलं म्हणून,” मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. खोटं नाही, खरोखर. डायरीत लिहायला लाज वाटतेय.

“पोरगी थापा मारतेय!” निशिकांत लालबुंद. “दादा, ही तुझीच माणसं! पढवून आणलीय!”

तेव्हा काकू पुढे आल्या. पदर खोचलेला. “थापा नाही मारत ती, भाऊजी. मी पाहिलं तिला. मोरीच्या दारातून.”

मी रडायची थांबले. पाहिलं होतं तर तेव्हाच ओरडल्या का नाहीत?

निशिकांतनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या आईचं सगळं केलेल्या बाईला खोटारडी कसं म्हणणार? काका उभे राहिले. माणूस एवढा उंच आहे हे विसरले होते मी. “म्हणजे... आमचीच?” त्यांनी मुठीवर बोट ठेवलं, लगेच काढलं, परत ठेवलं.

मी अंकलला सगळं इंग्रजीत समजावलं. अंकलने लाल मुठीकडे बघितलं, निशिकांतकडे बघितलं. “धिस वन फ्रॉम नाशिक?” मी हो म्हटलं. “नाशिक,” तो म्हणाला, “व्हेरी फार, आह.” मग त्याने काकूंकडे बघितलं. काकूंनी हात जोडले. का, कोण जाणे. दसऱ्याचा नमस्कार असेल. अंकलने मान तुकवली आणि नवीन कार्ड पुढे ओढलं.

जमादार हैबतराव ढमढेरे. मोठ्या अक्षरात. खाली: मूठ जपली त्यांच्या नातवांनी. आता नातवांची नावं.

“माझं आधी,” काका म्हणाले.

“निशिकांत भाऊजींचं आधी,” काकू म्हणाल्या.

“कुमुद! मूठ आपली बसलीय!”

“थोरल्या घराचं नाव आधी. भाऊजींच्या आईंना शब्द दिलाय मी.”

“कसला शब्द? कधी?”

“लिही रे बाबा,” काकू अंकलला मराठीत म्हणाल्या, आणि अंकलने लिहिलं. निशिकांतनी कार्डासोबत चौदा फोटो काढले आणि पंधराव्यात काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी तो झटकला नाही.

न बसलेली मूठ अंकलने कागदात गुंडाळली. निशिकांतनी हात पुढे केला होता, पण अंकलने ती सरळ काकूंच्या हातात ठेवली. “मॅडम, यू कीप. बेटर.” माणूस हुशार, पण आज घोटाळला.

५ ऑक्टोबर

निशिकांत सकाळी गेले. जाताना म्हणाले, “दादा, मूठ तुझी म्हणे. पण बसली ती पिवळ्या दोऱ्यातच, लक्षात ठेव.” काका म्हणाले, “चल नीघ, विमान चुकेल.” आणि टॅक्सी वळेपर्यंत खाली उभे राहिले.

मी चहा घेऊन देव्हाऱ्याशी आले. अन्नपूर्णेच्या शेजारी ती नकली मूठ. ताजं गंध, फूल.

काका म्हणाले, “ही निशिकांतची नकली इथे कशाला? समुद्रात टाकायची ठरली होती.”

“राहू दे हो,” काकू म्हणाल्या. “देवांना सवय झालीय हिची.”

“तीन दिवसांत?”

“वाटीत साखर आहे का बघते,” म्हणत काकू आत गेल्या.

काका हसले, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे बायकांचं काही खरं नाही. हलके झालेत ते. मिक्सर पुन्हा उघडलाय.

मधुराताईंना ही सगळी हकिगत देणारेय. काय काय घडलं बघा. मी एकटीने घडवलं. दोरा सोडला, दोरा बांधला. मुख्य पात्र मी. काकूंना छोटी भूमिका, स्वयंपाकघरातली.

मूठ जवळून बघितली आत्ता. पहिल्यांदाच. अंकलने चकती घासली होती, ती लखलखतेय. मधोमध एक पान. नाशिकला असलं पान...

बरणी शेजारीच आहे. ओट्यांची. म्हणजे निशिकांतच्या आईने मागितलं ते लोणचं नव्हतं.

थांबा. ती लाल गाठ. ओढल्याबरोबर सुटली. काकांची गाठ सुटत नाही. वेणीची गाठ होती ती. मी दोरे बदलायच्या आधीच काकूंनी...

म्हणजे मी बदललं नाही. परत फिरवलं.

म्हणजे दसऱ्याला, सगळ्यांसमोर, रडत रडत, मी जे अगदी खरं सांगितलं...

काकू दारात उभ्या आहेत. हातात साखरेची वाटी. माझ्या हातातल्या मुठीकडे बघताहेत, मग माझ्याकडे. काका आतून मिक्सर चालवताहेत.

नाही. तुम्ही काही बोलू नका. काकू, तुम्हीही. मला क्रियापदाशिवायच बरं होतं. मूठ देव्हाऱ्यात, साखर तोंडात, वही पर्समध्ये. बस खाली लागलीय. चालले मी.